आवरतं घ्या

कॅनडातल्या विंडसरच्या आमच्या मराठी मंडळात मला पाठीमागे ‘चिठ्ठीवाले’ म्हणतात. पाठीमागे म्हणजे मला ऐकू येईल इतपतच पाठीमागे. तीसेक वर्षं मंडळाचे कार्यक्रम मी वेळेत संपवले. वक्ता पुण्याहून आलेला असो, नाहीतर नदीपलीकडून डेट्रॉइटहून आलेला, त्याची वेळ संपत आली की मी पहिल्या रांगेतून उठायचो, वाकून स्टेजपाशी जायचो आणि त्याच्यापुढे एक पिवळी चिठ्ठी ठेवायचो: ‘कृपया आवरतं घ्यावं.’ चिठ्ठ्यांचं पॅड कायम माझ्या कोटाच्या खिशात असे. एका पाहुण्याने चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुढे पाऊण तास बोलला. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. बाकी सगळे निमूट आवरायचे, जेवण गरम असताना पानं वाढली जायची आणि लोक माझे आभार मानायचे.

हा माझा स्वभाव की माझा धंदा, ते आता सांगता येणार नाही. मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होतो आणि माझं कामच वेळ मोजण्याचं होतं. गाडीला दार बसवायला किती सेकंद लागतात, काच बसवायला किती, कामगाराचा हात कुठे उगाच फिरतो, हे मी घड्याळ घेऊन लाइनच्या कडेला उभा राहून लिहून काढायचो. कामगारांना मी आवडत नसे. रिटायर झालो तेव्हा त्यांनी मला भिंतीवरचं एक घड्याळ भेट दिलं, त्याचे काटे काढून टाकलेले होते. मी हसलो, पण घरी आणून ते बेसमेंटमध्ये टाकलं.

एकदा मी बायकोलाही चिठ्ठी दिली होती. मंडळाच्या महिला दिनाला ती इथल्या आपल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता पाच मिनिटांची सात झाली. सगळे हसले, तीही हसली, ‘घरातही हेच चालतं’ म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर तिने कधी माइक हातात घेतला नाही. कोणी आग्रह केला की म्हणायची, ‘ह्यांनाच बोलू दे.’ हा किस्सा मी कित्येक वर्षं गंमत म्हणून सांगत आलो. ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. तो हिवाळा तिला कसा गेला, पुढे ती काय सांगणार होती, हे मला माहीत नाही.

ती गेल्यावर मी घरातच बसून राहू लागलो. मुलगी ओटावाला असते, तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच म्हणायची, ‘बाबा, प्लीज गेट आउट ऑफ द हाउस.’ शेवटी लायब्ररीच्या बोर्डावर मला एक कागद दिसला: कृष्णवर्णीय मुलांच्या शुक्रवारच्या क्लासला गणित शिकवणारे स्वयंसेवक हवेत. पत्ता नदीजवळच्या एका जुन्या चर्चच्या बेसमेंटचा होता. मंडळातल्या एका रिटायर्ड डॉक्टरांना मी सहज सांगितलं, तर ते म्हणाले, ‘जा हो, चांगलं काम आहे. फक्त गाडी नीट लॉक करा.’ त्या दिवशी मी गाडी दोनदा लॉक केली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण केली.

क्लास चालवणारी बाई पन्नाशीची होती. ती शाळेची बस चालवायची आणि उरलेल्या वेळात कविता करायची. कविता म्हणजे लिहून छापायच्या नव्हेत, उभं राहून म्हणायच्या. गावात कुठे मोर्चा असो, कुठली लायब्ररी बंद होणार असो, ही तिथे आपल्या पोरांना घेऊन हजर, आणि भाषणाऐवजी कविता. ओळख करून घ्यावी म्हणून मी आपला ठरलेला प्रश्न विचारला, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ ती म्हणाली, ‘इथलीच. माझ्या आजीची आजी ह्या चर्चच्या मागे पुरलेली आहे. तुम्ही कुठले?’ मी म्हणालो, ‘मिरज,’ आणि माझे कान गरम झाले. ती मनापासून हसली आणि तिने मला खुर्च्या मांडायला लावलं.

तिची शिकवायची पद्धत मला सुरुवातीला अजिबात पटली नाही. पहिला पाऊण तास माझा, गणिताचा. मग खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकेकाने मध्ये उभं राहून बोलायचं. मुलांनी दर आठवड्याला घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडून एक खरी गोष्ट आणायची आणि ती कवितेत बसवून म्हणायची. कुणाच्या पणजोबांना कुठल्या हॉटेलात जेवायला बसू दिलं नाही, कुणाच्या आजीने कुठल्या शाळेसाठी सह्या गोळा केल्या, असलं सगळं त्या खोलीत बाहेर यायचं. पन्नास वर्षं मी ह्या गावात राहिलो आणि ह्यातलं काही मला माहीत नव्हतं.

तिथे नियम तीनच. हातात कागद घ्यायचा नाही. सुरुवातीला माफी मागायची नाही, म्हणजे ‘माझा घसा बसलाय’, ‘अजून नीट झालेली नाही’ वगैरे काही बोलायचं नाही. आणि कुणी मध्येच अडकलं, तर पुढचा शब्द सुचवायचा नाही. सगळ्यांनी हलक्या चुटक्या वाजवायच्या आणि म्हणायचं, ‘टेक युअर टाइम.’

मी मिरजेच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धांमध्ये वाढलेला माणूस. आमच्याकडे अडकलं की परीक्षक पेन खाली ठेवायचे आणि घंटा व्हायची. इथे एखादी मुलगी ओळ विसरून छताकडे बघत उभी राहायची आणि बाकीची पोरं चहावाल्याला हाक मारल्यासारख्या चुटक्या वाजवत बसायची. एकदा मी मोजलं, बावन्न सेकंद भरले. मी बाईंना म्हणालो, ‘केवढा वेळ वाया जातो हा.’ ती म्हणाली, ‘ह्या मुलांचं ऐकायला आजवर कोणी बावन्न सेकंद थांबलेलं नाही.’ मनातून मात्र मला काही पटलं नाही.

तिथेच ती मुलगी होती. माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात सोळा वर्षांची, दहावीत, अंगात कायम एक मोठा हिरवा कोट. आई वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करायची, बहुतेक दिवस डबल शिफ्ट. त्यांच्या अपार्टमेंटच्या खिडकीतून नदीवरचा नवा पूल दिसायचा. ती लहान असल्यापासून तो बांधला जात होता. दोन्ही काठांवरून पुढे सरकत आलेले ते दोन तुकडे मधोमध कसे जुळतात, हे तिने रोज सकाळी खिडकीत उभं राहून पाहिलं होतं. तिला पूल बांधणारी इंजिनिअर व्हायचं होतं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि विचारलं, ‘अंकल, एवढी लोखंडी दोरी ताणली तरी तुटत कशी नाही?’ मला उत्तर येत होतं, पण ते समजायला तिला जे गणित लागणार होतं ते तिच्या वर्गात शिकवत नव्हते.

कारण तिला खालच्या वर्गात घातलं होतं. इथे शाळेत गणिताचे दोन रस्ते असतात: एक युनिव्हर्सिटीकडे जाणारा, दुसरा न जाणारा. अकरावीला वरच्या रस्त्याला लागलं नाही, तर इंजिनिअरिंग विसरा, किंवा मग वर्ष-दीड वर्ष जादा घालवा. तिला चौऱ्याऐंशी मार्क होते. पण नुसते मार्क पुरत नाहीत, शाळेच्या काउन्सेलरची शिफारस लागते, आणि काउन्सेलर म्हणाली होती, ‘तू खालच्याच वर्गात जास्त कम्फर्टेबल राहशील.’ क्लासमधल्या अर्ध्याअधिक मुलांना हेच वाक्य ऐकवलं गेलं होतं. शब्दही तोच, कम्फर्टेबल.

ते सांगायला ती आली त्या शुक्रवारी तिने दप्तर टेबलावर आपटलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिला काहीतरी धीर द्यावा म्हणून मी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेलो. माझ्या मुलीला नववीत गणितात अडुसष्ट मार्क होते. तरी तिला वरच्या वर्गात घातलं. मी टाय लावून, मनात मोठं भाषण पाठ करून काउन्सेलरकडे गेलो होतो. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, ‘युअर डॉटर? ऑफ कोर्स’ म्हणाला आणि सही केली. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

‘अडुसष्ट?’ तिने भिंतीकडून वळून विचारलं. ‘आणि कुणी काही विचारलं नाही?’

‘कुणीच नाही.’

मग तिने वही उघडली आणि आम्ही समीकरणं सोडवायला लागलो. मला वाटलं, विषय संपला.

मंडळात माझ्या मुलीची ख्याती वेगळी होती. ती शाळेत गणितात पहिली होती असं मंडळात सगळे समजत आणि ते मीच पसरवलं होतं. एकेक वर्ष थोडं थोडं वाढवत नेलं, म्हणजे खोटंही वाटलं नाही. आपल्या लोकांत पोरांचे मार्क हे आईबापांच्या मानाचं पान असतं. ते सोडवत नाही.

त्या हिवाळ्यात स्कूल बोर्डाच्या सभेत हा शिफारशीचा नियम चर्चेला यायचा होता. बाहेरच्या एका माणसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी मिळत असे. बाईंनी हिरव्या कोटवाल्या मुलीचं नाव दिलं. फॉर्मवर फक्त विषय लिहायचा होता. मागणी काय ती माइकवर बोलायची, म्हणजे ती नोंदली जाणार आणि तिच्यावर मत घेतलं जाणार. मागणी साधी होती: मार्क आणि पालकांची सही पुरे, काउन्सेलरची शिफारस नको. नियम आता बदलला तर मुलीला ह्याच वर्षी वरच्या वर्गात नाव घालता येणार होतं, कारण नावं घालायची मुदत सभेनंतरच्याच आठवड्यात संपत होती. तिच्यासाठी सगळं त्या पाच मिनिटांवर होतं.

‘भाषण करू दे ना तिला,’ मी बाईंना म्हणालो. ‘सरकारी काम आहे, तिथे कविता कशाला?’

‘भाषणं ते रोज ऐकतात,’ ती म्हणाली. ‘आणि घरी जाऊन विसरतात.’

तीन शुक्रवार मुलीने तयारी केली. मी घड्याळ लावून बसायचो. पुलाचा भाग, डबल शिफ्टनंतर दारात काढलेल्या आईच्या बुटांचा भाग, मग ‘कम्फर्टेबल’ हा शब्द घेऊन तो उशीवर, बाकावर, शवपेटीवर लावत नेलेला भाग. हे सगळं तीन मिनिटं दहा सेकंदांत बसत होतं. शेवट मात्र ती म्हणून दाखवेना. ‘शेवट त्या दिवशी, अंकल. त्यात मागणी आहे, आणि तुमच्यासाठी एक सरप्राइज.’ मी म्हणालो, ‘सरप्राइज असू दे, पण पाच मिनिटांच्या आत असू दे.’ ती हसली. तिला माझी ती खोड आवडायची, असं मला वाटायचं.

मी मंडळातल्या दोन जोडप्यांनाही सभेला बोलावलं. गाडी लॉक करायला सांगणारे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी त्यात होते. वर म्हणालो, ‘सपोर्ट म्हणून या.’ खरं तर मला त्यांच्यासमोर मिरवायचं होतं. रिटायर झाल्यावर मी कसं समाजकार्य करतो, माझी विद्यार्थिनी कशी बोलते, हे त्यांनी बघावं असं मला मनातून फार वाटत होतं.

सभा संध्याकाळी साडेसहाला होती. बाहेर बर्फ पडत होता. आत बोर्डाचे सभासद अर्धगोलात बसले होते, मध्ये अध्यक्षबाई, त्यांच्यासमोर एक छोटा टायमर आणि पितळी घंटा. मी पहिल्या रांगेत, शेजारी डॉक्टरांच्या पत्नी. आमच्या क्लासची मुलं आणि त्यांच्या बाई अगदी मागे बसल्या होत्या, कारण पुढच्या खुर्च्या आम्हीच अडवल्या होत्या.

मुलगी हिरवा कोट काढून पुढे आली. हातात कागद नव्हता. तिने सुरुवात केली तेव्हा दोन सभासद लॅपटॉपमध्ये बघत होते. पूल मधोमध जुळला तेव्हा त्यातल्या एकाने मान वर केली. आईच्या बुटांपाशी एका बाईंनी चष्मा काढला. ‘कम्फर्टेबल’वर तिचा आवाज चढला, इतका चढला की माइकची गरज राहिली नाही. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी संकोचही वाटला, हे का लपवू? एवढ्या मोठ्याने बोलू नये, साहेबांसमोर बोलू नये, असं माझ्या आतला कोणीतरी म्हणत होता.

मग ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

‘ह्या खोलीत एक माणूस बसला आहे,’ ती म्हणाली. ‘दोन हिवाळे त्याने मला गणित शिकवलं. एक दिवस त्याने मला एक आकडा सांगितला.’

डॉक्टरांच्या पत्नी माझ्याकडे वळून कौतुकाने कुजबुजल्या, ‘अहो, तुमच्याबद्दल बोलतेय ती!’

अडुसष्ट. आता ती अडुसष्ट म्हणणार, ह्या लोकांच्या देखत म्हणणार, आणि उद्या सकाळपर्यंत मंडळात चहाबरोबर हे वाटलं जाणार. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. बघितलं, हे नक्की. मग खिशातलं पिवळं पॅड काढलं, ‘प्लीज रॅप अप. टाइम.’ एवढं लिहिलं, उठलो, वाकून पुढे गेलो आणि चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. हात जराही थरथरला नाही. तीस वर्षांची सवय होती.

तिने चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मागच्या रांगेतून हलक्या चुटक्या ऐकू आल्या. मुलांना वाटलं, ती अडकली. क्लासच्या बाईंचा आवाज आला, ‘टेक युअर टाइम, बेबी.’

मुलगी माइकपाशी वाकली, ‘थँक यू’ म्हणाली आणि तिथून निघाली. हिरवा कोट उचलून सरळ दाराबाहेर गेली.

खूप टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, किती सुंदर कविता, किती गुणी मुलं आहेत आपल्याकडे, आणि टायमरकडे बघून हसून म्हणाल्या, ‘शिवाय वेळेच्या आधी संपवलं. आमच्या सभासदांनी हे शिकायला हवं.’ सगळे हसले. मागून क्लासच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मागणी राहिली आहे.’ अध्यक्षबाई अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या की वक्त्याने आपलं बोलणं संपवलं आहे, नियमाप्रमाणे दुसऱ्याला बोलता येणार नाही. मागणीच आलेली नसल्यामुळे मत घेण्यासारखं काही नव्हतं. शिफारशीचा विषय पुढच्या वर्षीवर गेला आणि सभा शाळांच्या पार्किंगकडे वळली.

बाहेर पडताना डॉक्टर म्हणाले, ‘छान बोलली हो पोरगी. पण तिला हवं काय होतं?’

ती पार्किंग लॉटमध्ये बाईंच्या गाडीला टेकून उभी होती. केसांवर बर्फ साचत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, ‘वेळ संपत आली होती. त्यांनी घंटा वाजवली असती तर तुझा अपमान झाला असता. म्हणून मी...’

‘ओके, अंकल,’ ती म्हणाली.

ती ओरडली असती तर मला परवडलं असतं. बाईंनी गाडीची काच खरवडायला घेतली. मी घरी आलो आणि बायकोच्या फोटोसमोरचा दिवा न लावताच बसून राहिलो. मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता आणि तरीही खरं बोलवत नव्हतं. मी चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा तीन मिनिटं तीस सेकंद झाली होती. दीड मिनिट शिल्लक होतं.

रविवारी ओटावाहून माझ्या मुलीचा फोन आला. मी तिला आधी घंटेची गोष्ट सांगितली, मग खरी सांगितली.

‘बाबा, यू स्टॉप्ड हर? बिकॉज ऑफ माय सिक्स्टी-एट?’

‘तुझी बदनामी नको म्हणून.’

‘माझी?’ ती म्हणाली. ‘आय टेल एव्हरीवन दॅट स्टोरी. ऑफिसमध्ये सांगते, मुलांना सांगते. दॅट नोबडी आस्क्ड मी एनिथिंग. बाबा, इट वॉज नेव्हर अ सीक्रेट.’ मग म्हणाली, ‘आईलाही माहीत होतं की तुम्ही मंडळात वाढवून सांगता. शी यूज्ड टु लाफ.’

त्यानंतरचे दोन शुक्रवार मी गेलो नाही. बर्फ खूप आहे, ड्राइव्हवे शोव्हल करून पाठ धरली, असं बाईंना कळवलं. पाठ धरली होती हे खरं आहे. त्या दोन आठवड्यांत नावं घालायची मुदत संपली. मी काउन्सेलरला एक लांबलचक ईमेल पाठवली, माझ्या डिग्र्यांसकट. दोन ओळींचं नम्र उत्तर आलं: नियम आहे तो आहे. क्लासमधल्या त्या मुलीचं नाव खालच्याच वर्गात लागलं.

तिसऱ्या शुक्रवारी मी गेलो. गणित झालं. मुलगी माझ्या टेबलाशी न बसता दुसऱ्या कोपऱ्यात एकटीच उदाहरणं सोडवत होती. मग खुर्च्या गोल मांडल्या गेल्या आणि मी बाईंना विचारलं, ‘मी उभा राहू का?’ दोन वर्षांत मी कधी उभा राहिलो नव्हतो. मुलं जरा दचकली. मी मध्ये गेलो, हात कुठे ठेवावेत ते कळेना.

‘सर्वप्रथम मी माफी...’ मी सुरुवात केली.

बाईंनी बोट वर केलं. ‘माफी नाही. आधी काय झालं ते सांगा.’

मग मी सांगितलं. माझी कविता वगैरे काही नव्हती, सरळ गद्य होतं. चिठ्ठ्यांचं पॅड, मंडळ, अडुसष्ट मार्क, ते मी वाढवून पहिला नंबर कसा केला. सभेत शेजारी बसलेल्या डॉक्टरांच्या पत्नी. आणि घड्याळात दीड मिनिट शिल्लक होतं हे मी बघितलं होतं, बघून चिठ्ठी लिहिली होती. एवढं बोललो आणि पुढे मला काही सुचेना. मी छताकडे बघत उभा राहिलो, मी ज्यांच्यावर चिडायचो त्या मुलांसारखा.

चुटक्या सुरू झाल्या. आधी एक, मग सगळ्यांच्या. ‘टेक युअर टाइम, अंकल,’ कोणीतरी म्हणालं. मी त्या मुलीकडे बघितलं. तिचे हात हिरव्या कोटाच्या खिशात होते आणि तिने ते बाहेर काढले नाहीत.

चुटक्या थांबल्यावर ती उठली. मला बाजूला व्हायला खुणावलं आणि मध्ये उभी राहिली.

‘एक दिवस त्याने मला एक आकडा सांगितला,’ तिने सुरू केलं, जिथे तोडलं होतं तिथूनच. पुढे जे होतं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आकडा तिने सांगितलाच नाही. ती म्हणत होती, तो आकडा माझ्यापेक्षा लहान होता, आणि तो त्याने मला खरा सांगितला, शाळेत दहा वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती अशी खरी गोष्ट. त्याच्या मुलीला एकच गोष्ट मिळाली होती: तिला कुणी काही विचारलं नाही. मला बक्षीस नको, दया नको, तुमच्या टाळ्या नकोत. मला तेवढंच द्या. माझे मार्क बघा, माझ्या आईची सही बघा, आणि मला काही विचारू नका. हा माणूस इथे बसला आहे, त्याच्याइतके खरे व्हा.

ती थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जुन्या सवयीने माझी नजर मनगटावर गेली होती, ती तिने पाहिली.

‘किती झाले, अंकल?’ तिने विचारलं.

‘चाळीस सेकंद,’ मी म्हणालो.

तिने मान हलवली, एखादं उत्तर पडताळून बघितल्यावर हलवायची तशी, आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. माझ्या शेजारची तिची नेहमीची खुर्ची रिकामीच राहिली.